आजवरचं एकूण

आकडा पाहिला तेव्हा तिला आधी वाटलं, हा ग्राहकसेवेचा फोन नंबर असावा. तसाच लांबलचक होता आणि तसाच निर्विकार. मग त्याच्या डोक्यावरची ओळ वाचली, ‘आपण आजवर आमच्याकडून एकूण मागवलेलं’, आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. लॅबमध्ये जेवणाची सुट्टी चालू होती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये डबे कामाच्याच टेबलावर उघडत. एका बाजूला प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले असत, दुसऱ्या बाजूला माणसांचे जबडे चालू असत, आणि हात पुसायला मधे एकच फडकं. खोड काढली होती दाढीवाल्याने. तो दातांच्या कॅप बनवायचा आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांचा वेळ घालवायचा. खरेदीच्या ॲपच्या पोटात कुठेतरी खोल एक पान असतं, त्यावर खातं उघडल्यापासूनची बेरीज दिसते, हे त्याला कुठूनसं कळलं होतं. आता ज्याची बेरीज सगळ्यात कमी, त्याला उद्या बाकीच्यांनी जेवण द्यायचं, असा ठराव त्याने मांडला आणि स्वतःच पास केला. पॉलिशच्या मशीनवर बसणारी बाई आपला आकडा बघून किंचाळलीच. “अगं बाई! एवढ्यात माझं दुसरं लग्न झालं असतं!”

“नवऱ्यासकट?” दाढीवाल्याने विचारलं.

“नवरा तोच. हॉल जरा बरा घेतला असता.”

मग सगळे हिच्याकडे वळले. लॅबमध्ये तिला अर्थमंत्री म्हणत. चहाचे पैसे तिच्याकडे जमा होत आणि महिनाअखेरीला त्यातून उरतही, याचं सगळ्यांना गूढ होतं. “अर्थमंत्री काही बोलत नाहीत,” दाढीवाला म्हणाला, “म्हणजे बक्षीस गेलं.” ती घास चावत राहिली. खरं सांगावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण तिने तोंड उघडलं आणि तोंडाने परस्पर कारभार केला: सगळा आकडा नीट सांगितला, फक्त शेवटचा एक अंक घासाबरोबर गिळला. टाळ्या पडल्या. पॉलिशवाली म्हणाली, “शिका काहीतरी!” आणि हिने मान खाली घालून, संकोचल्यासारखं, अगदी विजेत्यासारखं हसून घेतलं.

दुपारभर ती एका निवृत्त हेडमास्तरांची वरची कवळी बसवत होती. गुलाबी मेणात एकेक दात रुतवायचा, गरम केलेल्या सुरीने कडा सारख्या करायच्या, खालच्या जबड्यावर टेकवून बघायचं. हे काम तिला इतकं येत होतं की हात कामावर सोडून ती खुशाल बाहेर हिंडून यायची. आज हिंडायला एकच जागा होती. एवढं मी काय घेतलं? पहिल्यांदा घेतली ती छत्री तिला स्पष्ट आठवत होती, कारण ती उघडायची बटण दाबून आणि मिटायची कोणाच्याही इच्छेशिवाय. त्यानंतर योगासनांची चटई. ती आता पलंगाखाली गुंडाळी होऊन पडली होती आणि तिच्यावर ही सोडून घरातल्या सगळ्या धुळीने आसन केलं होतं. जलरंगांची पेटी. फिरायला जाण्याचे बूट, ते घालून ती बूट परवडले का या विचारात बसून राहिली होती. परदेशी भाषा शिकवणारं पुस्तक, त्यात ‘स्टेशन कुठे आहे’ इथवर मजल गेली होती. प्रत्येक वस्तूबरोबर एक बाई घरात शिरू पाहत होती, सडपातळ, पहाटे उठणारी, चित्रं काढणारी. दोन दिवस ती बाई घरात वावरायची, मग हिला तिचा कंटाळा यायचा. पण खरं सांगायचं तर वस्तूचं एवढं काही नव्हतं. सुख होतं ते मागवणं आणि येणं यांच्या मधल्या दिवसांत. ‘निघालं आहे’, ‘तुमच्या शहरात पोचलं आहे’, ‘आज येईल’. कोणीतरी कुठूनतरी आपल्याच दिशेने निघालेलं आहे, हे पोटात गुदगुल्यांसारखं जाणवत राहायचं. वस्तू हातात आली की ते थांबायचं. पण अशा सगळ्या चटया, बूट, पेट्या मनाशी मांडल्या, वर उदारपणे विसरलेल्यांचे धरले, तरी तो आकडा कुठे आणि हे कुठे. म्हणजे हिशेबात कोणीतरी दुसरं होतं. आपल्या नावाने, आपल्या पाठीमागे, कोणीतरी भरपूर जगून घेतलं होतं.

“अर्थमंत्री,” दाढीवाला तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, “हे आजोबा हसले ना, तर शेजारी पोलिसांना बोलावतील.”

तिने पाहिलं. हेडमास्तरांना दोन्ही बाजूंना डावाच सुळा बसला होता.

बसमध्ये तिने गुन्हेगार नक्की केला. नवरा. तो जमिनीची मोजणी करणारा सर्व्हेयर होता, आणि दोघांच्या घरात खरेदीचं खातं एकच होतं, तिच्या नावाचं. शिवाय त्याच्या काही खोडी संशयास्पद होत्या. पार्सल आलं की वस्तू तिच्याकडे देऊन तो खोक्याकडे प्रेमाने बघायचा, टेप लावून मोजायचा आणि म्हणायचा, “खोका चांगला आहे, टाकू नकोस.” त्यांच्या बाल्कनीत आता खोकीच राहत होती. घरी पोचल्याबरोबर तिने चप्पलही न काढता विचारलं, “अहो, तुम्ही माझ्या खात्यावरून काय काय मागवलंय?”

तो भाजी निवडत होता. हातातली काडी त्याने खाली ठेवली, हात पुसले. मग म्हणाला, “मोजपट्ट्या.”

“किती?”

“लेझरच्या का साध्या?”

“सगळ्या मिळून!”

“हे बघ, एक बिघडली म्हणून दुसरी घेतली. मग पहिली सुरू झाली. दोघी वेगवेगळं माप दाखवायला लागल्या. कुठली खरी हे ठरवायला तिसरी घ्यावीच लागली.” त्याच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्याचं समाधान होतं. पण मोजपट्ट्यांनी तो आकडा हलला देखील नसता. तिने फोन त्याच्यासमोर धरला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला आणि विचारलं, “हा कोणाचा नंबर?”

मग दोघं जेवणाच्या टेबलावर बसले आणि ती एकेक वर्ष बोटाने खाली खाली सरकवत गेली. वर्षं वर जात होती, आपण खाली उतरतोय, असं काहीतरी तिला वाटत होतं, लिफ्टमध्ये वाटतं तसं. आणि हळूहळू एक गोष्ट तिच्या लक्षात यायला लागली. प्रत्येक वस्तूच्या खाली, कुठे पोचवली, तो पत्ता होता. त्यांचा पत्ता मधूनमधून यायचा, चुकल्यासारखा. बाकी सगळीकडे एकच शब्द होता, पत्ता साठवताना तिनेच दिलेलं नाव. आई. गरम पाण्याची पिशवी, आई. साबणाची डबी, आई. भिंतीला लावायचे हुक, प्लास्टिकचं स्टूल, रात्रीचा दिवा, पाय चेपायचं यंत्र, टेबलपंखा, पुन्हा टेबलपंखा, मिक्सर, छोटा कूलर, कपड्यांचं घडीचं कपाट. आई, आई, आई. जशी एखादी लहान मुलगी गर्दीत हाका मारत सुटली आहे.

हे तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? प्रत्येक वेळी बोट तिचंच होतं. वडील गेल्यावर आई शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या दोन खोल्यांत एकटी राहिली, हट्टाने राहिली. “तुमच्याकडे मला सगळं विचारून करावं लागेल,” म्हणाली. ही फोन करायची. फोनवर आई कशी आहेस म्हटलं की बरी म्हणायची, जेवलीस का म्हटलं की हो म्हणायची, आणि पुढे दोघी मिळून एकमेकींचा श्वास ऐकायच्या. मग एका थंडीत हिने गरम पाण्याची पिशवी पाठवली. त्या दिवशी आईचाच फोन आला. आवाज निराळाच. “अगं, आज कोणीतरी आलं होतं!” पिशवीबद्दल अवाक्षर नाही. पार्सलवाला आला होता. त्याचा गुडघा दुखतो. त्याचं भावाशी पटत नाही, चूक भावाचीच आहे. त्याने दोन पेले पाणी प्यायलं आणि म्हणाला, आजी, तुमच्या घरात गार वाटतं. आई बोलत होती, बोलत होती, आणि ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून डोळे मिटून ऐकत होती. फोन ठेवल्या ठेवल्या तिने साबणाची डबी मागवली. त्यानंतर ते ठरूनच गेलं. रविवारी जायचं ठरवलं आणि काम आलं, की स्टूल. सर्दी झाली, नको आईला लागायला, की दिवा. दोन बस बदलून जायचा नुसता कंटाळा आला, की पंखा. कंटाळा जास्त असेल तर मोठा पंखा. पैशाची ओढाताण जाणवली नाही कधी, कारण ॲपच तिच्यावर खूश होतं. पैसे भरायची वेळ आली की ते म्हणायचं, ‘आपल्या खात्यात शिल्लक आहे, वापरायची का?’ ती म्हणायची, वापर. जुन्या गिऱ्हाइकाला बक्षीस देत असतील, इतकंच तिने धरलं होतं. त्यांचे रात्रंदिवस टिंगटिंग करणारे निरोप तिने केव्हाच बंद करून टाकले होते.

नवऱ्याने मात्र दरम्यान कागद ओढला होता आणि तो काहीतरी आकडेमोड करत होता. पैशांची असेल असं तिला वाटलं. “आईंच्या दोन खोल्या,” तो म्हणाला, “लांबी रुंदी उंची मला माहीत आहे. मी मोजल्या होत्या.”

“कधी?”

“लग्न ठरवायला आलो होतो तेव्हा.” त्याने पेन्सिलीने एक रेघ मारली. “हे एवढं सामान तिथे मावणारच नाही. आईंना धरून तर नाहीच नाही.”

आईच्या घरी ती शेवटची गेली तेव्हाचं घर तिने डोळ्यांसमोर आणलं. पलंग, टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत तांब्या. कूलर? नव्हता. कपाट? नव्हतं. मिक्सर, पंखे, स्टूल, काहीच नव्हतं, आणि ते नाही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पाठवलेल्या वस्तूकडे तिने कधी वस्तू म्हणून बघितलंच नव्हतं. आईला कोणीतरी लुबाडत होतं. कोण, हे तर उघडच होतं. गुडघा, भाऊ, दोन पेले पाणी! गोड बोलून म्हातारीच्या घरातून एकेक वस्तू परत उचलून नेणारा माणूस, आणि त्याला दार उघडून द्यायला आपणच वर्षानुवर्षं पैसे भरतोय. सगळी रात्र तिने त्या माणसाला मनातल्या मनात कोर्टात उभं केलं आणि सकाळी कामावर सुट्टीचा निरोप पाठवून, आईला न कळवता, नवऱ्याला घेऊन ती बसमध्ये बसली. नवऱ्याने बरोबर मोजपट्टी घेतली होती. का, हे तिने विचारलं नाही.

आईने दार उघडलं, दोघांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. “कोण गेलं?”

“कोणी नाही गेलं, आई.”

“मग न सांगता कसे आलात?” तिने जावयाकडे संशयाने पाहिलं. “नोकरी सुटली का?”

“नाही हो,” तो म्हणाला, आणि आत जाऊन भिंतींकडे असा बघत उभा राहिला की जणू त्या जागेवरून हलल्या आहेत का याची खात्री करून घेतोय. घर पहिल्यासारखंच होतं. स्वच्छ, मोकळं, फरशीवर खिडकीचं ऊन पडलेलं. तिने सरळच विचारलं, “आई, कूलर कुठे आहे?”

आईने ओठांवर बोट ठेवलं. मग जावयाला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, “चहा टाकते हं!” म्हणाली आणि हिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली. दार लोटलं. नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. “त्यांना कळलंय का?” ती कुजबुजली.

“काय?”

“तुझं ते.”

“माझं काय?”

आईने डोळे मिटले, मोठं मन केलं आणि म्हणाली, “व्यसन.”

नळ धो धो वाहत होता. आईने हिच्या पाठीवरून हात फिरवला. “मला पहिल्यापासून माहीत आहे. बाई माणूस, खरेदीचा नाद लागला, नवऱ्याच्या समोर घरात आणता येत नाही, मग पाठवते आईकडे, लपवायला. कुठे जाणार बिचारी? मी कोणाजवळ एका शब्दाने बोलले नाही. फक्त डॉक्टरांना विचारलं. तुझं नाव नाही घेतलं, आमच्या शेजारणीची मुलगी म्हणून सांगितलं. ते म्हणाले, या वयात होतं काही जणींना. ओरडू नका, जवळ घ्या.” तिने नळ आणखी सोडला. “आता जवळ घ्यायला तू येतेस कुठे? म्हणून मग मी सगळं परत करायला लागले.”

“परत?”

“त्यानेच शिकवलं, पार्सलवाल्याने. पार्सलच्या पिशवीवर फोन नंबर असतो, तिथे सांगायचं, नको. मग तोच येतो न्यायला. पैसे ज्याचे त्याच्या खात्यात जातात म्हणाला. म्हटलं, पोरीचं नुकसान तरी नको. कारण मात्र सांगावं लागतं गं दर वेळी. मी सांगायची. दिव्याला सांगितलं, उजेड पडतो. पंख्याला सांगितलं, वारा लागतो.”

“त्यांनी घेतलं ते?”

“घेतलं की. फार सभ्य लोक आहेत. स्टुलाला सांगितलं, बसलं की उठवत नाही.”

तिला ॲपचा तो प्रश्न आठवला. खात्यात शिल्लक आहे, वापरायची का. वापर. त्याच पैशांचा पंखा, तो परत, त्याचंच स्टूल, ते परत, त्याचाच कूलर. इतकी वर्षं थोडेसे पैसे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते येरझाऱ्या घालत होते, आणि ॲप दर फेरीला ते नव्याने मोजत होतं. तिला हसू फुटलं. ते आवरायला गेली तर नाकातून आलं. दार ढकलून नवरा आत डोकावला. नळाचा आवाज ऐकून त्याला पाईप फुटला असं वाटलं होतं. मग सगळं त्याला सांगावं लागलं. आई मधेमधे, “रागवू नका हो तिच्यावर,” म्हणत होती. त्याने ऐकून घेतलं, खिशातून कालचा कागद काढला, थोडी खाडाखोड केली आणि म्हणाला, खरा खर्च बघायला गेलं तर जवळजवळ शेवटचा अंक काढून टाकल्याएवढाच येईल. काल डब्यावर मारलेली थाप अशी परस्पर खरी निघाली याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. छातीत काहीतरी मोकळंच राहिलं, या खोल्यांसारखं.

“आई,” ती म्हणाली, “मला नाद वगैरे नव्हता. तुझ्याकडे कोणीतरी यावं म्हणून मी पाठवायची.”

आईने नळ बंद केला. एकदम इतकं शांत झालं की बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची साखळी ऐकू आली. आईने गॅस पेटवून चहाचं आधण ठेवलं. “म्हणजे त्याला तू पाठवायचीस,” ती शेवटी म्हणाली. “आणि मला वाटायचं, तुझ्यापायी त्याला एवढी वणवण. म्हणून त्याला बसवायची. पाणी द्यायची. त्याच्या भावाचं ऐकून घ्यायची. किती बोलतो तो भावाबद्दल!” मग तिने आवाज आणखी खाली आणला. “एक सांगू? पाय चेपायचं यंत्र चांगलं होतं. दुसरा पंखाही चांगला होता.”

“मग ठेवायचास ना!”

“ठेवला असता तर तो न्यायला कसा आला असता?” आई वैतागून म्हणाली, एखाद्या मंद मुलीला समजावावं तशी. “आणला की एकदा यायचा. नेला की दोनदा.”

नवऱ्याने मान डोलावली. दोन हे एकाहून जास्त आहेत, यात त्याला वाद दिसला नाही. चहा झाला. तिघांनी खिडकीजवळ बसून तो प्यायला. आईने त्याला मोजपट्टी कशाला आणली विचारलं, तर तो लाजून म्हणाला, सहजच, आणि मग आईच्या परवानगीने त्याने दोन्ही खोल्या पुन्हा मोजल्या. लग्न ठरवायला आला होता तेव्हापेक्षा एक खोली बोटभर लहान भरली. रंगाचे थर बसले असतील भिंतींवर, म्हणाला. आई म्हणाली, “माणसं कमी झाली की खोल्या मोठ्या होतात असं ऐकलं होतं. आमच्या उलट्याच.” आणि स्वतःच हसली.

उन्हं उतरायला लागली तसा नवरा निघाला. त्याला सकाळी साइटवर जायचं होतं. हीसुद्धा उठली, पर्स उचलली, दारापर्यंत गेली. आई नुसती दाराच्या कडीशी चाळा करत उभी राहिली. तिला एकदम वाटलं, आपल्या दारात आलेलं माणूस आता किती वेळात परत जाणार, हे आई कडीवरून हात फिरवून मोजत असेल. लॅबमध्ये हेडमास्तर दोन डाव्या सुळ्यांनिशी वाट बघत होते. बघू देत. “तुम्ही व्हा पुढे,” ती नवऱ्याला म्हणाली, “मी दोन दिवस राहते.” त्याने बिलकुल आश्चर्य दाखवलं नाही, आणि यासाठी ती त्याच्यावर मनातून खूश झाली.

आईने मात्र कटकट सुरू केली. आधी सांगितलं असतं तर नीट केलं असतं, दूध जास्त घेतलं असतं, घरात काही म्हणून नाही. असं बोलत बोलतच ती आतल्या खोलीत गेली आणि ट्रंकेतून एक चादर घेऊन आली. निळी, पांढऱ्या बारीक रेघांची, प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेर न काढलेली. पिशवीवर चिकटवलेल्या कागदावर हिचं नाव होतं. ही कधी पाठवली होती ते तिला आठवेना. कुठल्या रविवारी यायचं टाळलं म्हणून, तेही आठवेना.

“ही नाही परत केलीस?”

“असू दे म्हटलं एक. तू कधी राहायला आलीस तर.”

तिने पिशवी फाडली. चादर उघडली तेव्हा घड्यांच्या जागी कडक उभ्या-आडव्या रेघा उठल्या होत्या, आणि नव्या कापडाचा पिठूळ वास खोलीभर झाला. दोघींनी दोन टोकं धरून ती पलंगावर टाकली. चादर भलतीच मोठी होती, डबल बेडची. या बाजूने खोचली की त्या बाजूला जमिनीवर लोळायची. आई म्हणाली, तू ओढू नकोस. ही म्हणाली, तूच ओढतेयस. गादी उचलून, गुडघ्यावर वाकून, दोघी दोन बाजूंनी ती आत आत सारत राहिल्या. मग आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि चादरीकडे जरा काळजीने बघत तिने विचारलं, “परत करायची मुदत असते ना गं?”

“केव्हाच संपली असेल.”

“बरं झालं,” आई म्हणाली, आणि उरलेलं टोक गादीखाली घातलं.